दोन ज्यूलचा लखलखाट

तुमचा मोबाइल जरा उलटा करा. कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी एक छोटासा पिवळा ठिपका दिसेल. फ्लॅश पांढरा पडतो, मग हा ठिपका पिवळा कसा? उत्तर सोपं आहे. आतला एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो आणि निळा-पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवणं इतकं कठीण होतं की त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि आपण तो कशाला वापरतो? अंधारात चपला शोधायला!

माझ्या करिअरमधली दोन वर्षं या ठिपक्यात गेली. म्हणजे ठिपक्याच्या मागच्या सर्किटमध्ये. तेव्हा पुण्यात सगळ्या मैत्रिणी सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी 'मी कोडिंग करते' म्हटलं की लग्नाच्या पंगतीतल्या मावश्यांचंही समाधान व्हायचं. मी 'मोबाइलच्या फ्लॅशचं सर्किट डिझाइन करते' म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न यायचा, "त्यात काय डिझाइन करायचंय? बटण दाबलं की दिवा लागतो!"

त्यात काय आहे, तेच सांगते.

सुरुवात एका बिघडलेल्या फोटोपासून करू. २००६ ची दिवाळी. आम्ही सगळे रत्नागिरीजवळच्या गावी जमलो होतो. लोडशेडिंगचे दिवस. ओटीवर कंदील, अंगणात पणत्या आणि आजी एकेका नातवंडाच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवत होती. माझ्याकडे पहिल्या पगारातून घेतलेला, नवाकोरा, २ मेगापिक्सेलचा कॅमेराफोन. काढला फोटो, चांगला फ्लॅशबिश मारून! आजीने विचारलं, "आला का गो फोटो?" मी म्हटलं, "आला की." इवल्याशा स्क्रीनवर तो बराही दिसत होता. पुण्याला येऊन कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा कळलं, की दाराची चौकट त्यातल्या त्यात ठीक आहे, पण आजीच्या हाताच्या जागी एक धुरकट पट्टा आहे. लाडू तर गायबच. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती.

असा एखादा फोटो तुमच्याकडेही असेल. हे होतं कसं? अंधारात कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही, म्हणून तो जास्त वेळ बघत राहतो. सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून जास्त. ऐकायला हे काहीच नाही. पण तेवढ्यात लाडू देणारा हात चार बोटं पुढे सरकतो आणि ती चार बोटं फोटोत सारवल्यासारखी पसरतात. म्हणजे फ्लॅशने नुसता उजेड पाडून भागत नाही. त्याने थोड्या वेळात भरपूर उजेड पाडायला हवा. माझी सगळी नोकरी या एका वाक्यात होती.

यावर एक जुना, खणखणीत उपाय होताच. रीळवाल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवतोय? ऑन केला की 'टींऽऽऽ' असा बारीक आवाज यायचा, छोटा दिवा लागायचा आणि मगच फोटो काढायचा. तो आवाज आतला कॅपॅसिटर जवळजवळ ३०० व्होल्टपर्यंत चार्ज होण्याचा. बटण दाबलं की तो सगळा साठा झेनॉन वायूच्या नळीतून कडाडून जायचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत. उडी मारलेला माणूस हवेतच थिजायचा. काही फोनमध्येही हा फ्लॅश आला. २००६ चा सोनी एरिक्सन के८००आय, २००७ चा नोकिया एन८२. ज्यांच्याकडे ते होते, ते अजूनही त्या फोटोंबद्दल हळवे होऊन बोलतात.

पण झेनॉनचे नखरे फार. त्याचा कॅपॅसिटर जाडजूड, त्यामुळे फोनला पोट सुटायचं. नाजूक चिप्सच्या शेजारी ३०० व्होल्ट नांदवायचे, ही वेगळीच डोकेदुखी. शिवाय झेनॉन फक्त लखकन चमकतो, मंद तेवत राहू शकत नाही. म्हणजे व्हिडिओ काढताना उपयोग शून्य आणि टॉर्च म्हणूनही शून्य. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आपल्याकडे टॉर्चसाठी किती जणांनी घेतला होता, ते आठवा. लोडशेडिंगच्या देशात टॉर्चशिवाय फोन विकणार कसा?

मग एलईडीलाच जोरात पेटवलं तर?

इथे बॅटरी आडवी येते. तेव्हाची आपल्या सगळ्यांच्या ओळखीची बॅटरी म्हणजे नोकियाची बीएल-५सी. १०२० एमएएच, ३.७ व्होल्ट. गुणाकार करून बघितला तर तिच्यात जवळपास साडेतेरा हजार ज्यूल ऊर्जा मावते. आणि एका झकास एलईडी फ्लॅशला किती लागते? साधारण दोन ज्यूल. म्हणजे हिशेबाने एका चार्जमध्ये सहा हजारांवर फ्लॅश मारता यायला हवेत. प्रत्यक्षात तसा एकही मारता येत नाही!

कारण प्रश्न साठ्याचा नसून घाईचा आहे. चार एलईडी, प्रत्येकाला एक अँपिअर आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात. एवढा करंट थेट बॅटरीतून ओढायचा, तर तिच्यावर पाचेक अँपिअरचा भार पडतो. त्या काळातली छोटी बॅटरी एवढ्याने धाप टाकते. तिचं व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोनला वाटतं, बॅटरी संपली. फोटो काढायला बटण दाबलं आणि फोन बंद पडला, असा प्रकार. त्यातच फोनला नेटवर्कशीही बोलायचं असतं. कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ मोबाइल ठेवला, की एसएमएस यायच्या आधी 'टिक-टिटिक-टर्रर्र' असा आवाज यायचा ना? तो जीएसएम फोनच्या ट्रान्समीटरचा. बॅटरीतून सेकंदाला २१७ वेळा, दोन अँपिअरपर्यंतचे छोटे छोटे घास घेणारा. फ्लॅश आणि हे घास एकाच वेळी आले, की बॅटरीचं काही खरं नाही.

हे मला माझ्या सीनियर सरांनी पहिल्याच आठवड्यात ज्या उदाहरणाने समजावलं, ते सांगते. थोडं अशोभनीय आहे, पण त्याहून चांगलं मला अजून सापडलेलं नाही. सर म्हणाले, "अगं, संडासाच्या फ्लशची टाकी बघ." टाकीत पाणी येतं करंगळीएवढ्या नळीतून, हळूहळू. त्या नळीने थेट भांडं धुवायचं म्हटलं तर दिवसभर बसावं लागेल. बिल्डिंगच्या गच्चीवर हजारो लिटर पाणी असलं तरी! म्हणून मध्ये एक छोटी टाकी. निवांत भरते आणि बटण दाबलं की एका दमात रिकामी होते.

गच्चीवरची टाकी म्हणजे बॅटरी आणि फ्लशची टाकी म्हणजे सुपरकॅपॅसिटर.

आता हा सुपरकॅपॅसिटर काय प्रकार आहे? बॅटरीत ऊर्जा साठवायला रासायनिक क्रिया व्हावी लागते. तिला वेळ लागतो आणि ती बॅटरीला म्हातारीही करते. सुपरकॅपॅसिटरमध्ये तसली भानगड नाही. आत सच्छिद्र कोळशाचे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये आयन असलेला द्रव. चार्ज केलं की आयन कोळशाच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटून उभे राहतात, गर्दीच्या वेळी लोकलच्या दाराशी उभे राहतात तसे. स्टेशन आलं की एका क्षणात बाहेर! काही झिजत नाही, म्हणून लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी चालतो. सगळी गंमत कोळशाच्या छिद्रांत आहे. एका ग्रॅममध्ये हजार-दीड हजार चौरस मीटरचा पृष्ठभाग. चिमूटभर काळी पूड आणि तिच्यात दोन बीएचके फ्लॅटची अख्खी बिल्डिंग! आणि हा कोळसा अनेकदा कशापासून बनतो माहितेय? नारळाच्या करवंटीपासून. आमच्या परसात बंबात जाणाऱ्या करवंट्यांची भावंडं मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काम करू शकतात, हे कळलं त्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं.

साठ्याच्या बाबतीत मात्र हा गडी अगदीच गरीब. आम्ही वापरायचो तो साधारण अर्ध्या फॅरडचा. पाच व्होल्टला भरला तर त्यात सहा-एक ज्यूल मावायचे, म्हणजे बॅटरीच्या दोन हजाराव्या भागाइतकेच. पण ते सगळे तो मागताक्षणी देऊ शकतो. बॅटरीकडून हळूहळू घ्यायचं आणि गरजेला एकदम द्यायचं. फोनला पुरतील असे पातळ सुपरकॅपॅसिटर बनवणारी सिडनीची कॅप-एक्सएक्स ही कंपनी त्या वर्षांमध्ये हीच कल्पना जगभरातल्या फोनवाल्यांपुढे मांडत होती. आमच्यासारख्या डिझाइन टीम्सचं काम होतं, ती बोर्डावर उतरवणं.

आता 'बटण दाबलं की दिवा लागतो'वाल्यांसाठी त्यातली खरी कटकट. पहिली, भरायची नळी. तीन-चारशे मिलिअँपिअरवर करंट जाऊ द्यायचा नाही, नाहीतर बॅटरी पुन्हा धापा टाकणार. त्या हिशेबाने दोन फोटोंमध्ये दोनेक सेकंदांची उसंत लागायची. दुसरी, वाटणी. सुपरकॅपॅसिटरचा एक कप्पा जेमतेम पावणेतीन व्होल्ट सोसतो. आम्हाला पाचच्या वर हवे होते, म्हणून दोन कप्पे एकापुढे एक. पण एका खोलीत राहणाऱ्या भावांसारखं, दोघांना समसमान मिळतंय ना, हे सतत बघावं लागतं. एकाच्या वाट्याला जास्त व्होल्टेज आलं की तो फुगतो, शब्दशः! तिसरी, गळती. समसमान वाटणी करणारी सर्किट्सही थोडा थोडा करंट खातात. फोन खिशात पडून असताना टाकी गळत राहिली, तर बॅटरी विनाकारण उतरणार. मग टाकी भरायची कधी? कॅमेरा उघडल्यावर. आणि कॅमेरा उघडल्याउघडल्या पोरगं मेणबत्त्या फुंकत असेल तर? मीटिंग्जच्या मीटिंग्ज चालायच्या यावर.

पहिल्यांदा पूर्ण ताकदीने फ्लॅश मारला, तो दिवस मला लख्ख आठवतो. ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर व्होल्टेजची रेघ सुमारे एक व्होल्टने उतरली आणि तिथेच थांबली. कागदावर काढली होती, अगदी तशी. आम्ही मात्र ती नंतर बघितली, कारण काही सेकंद कुणालाच काही दिसत नव्हतं. चहा घेऊन आलेला मुलगा दारातूनच म्हणाला, "मॅडम, वीज पडली काय?"

मग आमची टेस्ट. अंधाऱ्या खोलीत टेबलफॅन एकवर लावायचा आणि पात्याला एक लाल टिकली चिकटवायची. बाजारातल्या साध्या एलईडी फ्लॅशने फोटो काढला, की टिकलीचं गोल लाल कडं दिसायचं. अख्खी बांगडी! झेनॉनने काढला, की टिकली ती टिकलीच. आणि आमच्या फ्लॅशने काढला, की बांगडीचा तुकडा यायचा. बोर्ड सुधारत गेला, तसा तुकडा आखूड होत गेला. झेनॉनला गाठणं आम्हाला शक्य नव्हतं, कारण फोनचा सेन्सर फोटो एकदम घेत नाही. वरून खाली, एकेक ओळ वाचत जातो. शेवटच्या ओळीलाही उजेड मिळायला हवा, म्हणून एलईडी तेवढा वेळ पेटता ठेवावाच लागतो. पण उजेड दणदणीत असला की प्रत्येक ओळ आपलं काम पटकन उरकते आणि फोटो कमी पसरतो. भिंतीवर त्या बांगड्यांचे प्रिंट्स तारीखवार लावलेले होते. मी रोज संध्याकाळी निघताना शेवटच्या तुकड्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, एवढ्यात लाडू दिसला असता.

आणि मग प्रोजेक्ट बंद झालं.

शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, असले मेल शुक्रवारीच येतात. परदेशातल्या क्लायंटला पुढचा फोन आणखी स्लिम हवा होता. आमचा सुपरकॅपॅसिटर पोस्टाच्या तिकिटाएवढा, पण दोन मिलिमीटरहून जाड. त्या दोन मिलिमीटरसाठी आम्ही ड्रॉइंग्ज काढली, कॅमेऱ्याखालची जागा मागितली, अँटेनावाल्यांशी भांडलो. नाही म्हणजे नाही. त्यांचंही चूक नव्हतं. दुकानात फोन हातात घेणारा माणूस जाडी बघतो. अंधारात नाचणाऱ्या भाचीचा फोटो कसा येईल, हे दुकानात कळतच नाही.

पुढे काळानेही त्यांचीच बाजू घेतली. २०१० च्या आयफोन ४ मध्ये साधा एलईडी फ्लॅशच होता, पण कमी उजेडात जास्त बघणारा नव्या पद्धतीचा सेन्सर होता. झेनॉनने नोकिया एन८ आणि २०१३ च्या लुमिया १०२० पर्यंत किल्ला लढवला. मग सेन्सर मोठे झाले, भिंगं जास्त उजेड आत घेऊ लागली, बॅटऱ्या ५००० एमएएचच्या झाल्या आणि एक-दीड अँपिअर त्या हसत हसत देऊ लागल्या. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनवर नाइट साइट आणलं. त्यात फ्लॅशच नाही! अंधारात एकापाठोपाठ एक अनेक फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरने ते एकमेकांवर बसवून एक उजळ फोटो करायचा. सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींचा हा अंतिम विजय!

सुपरकॅपॅसिटर मात्र बेकार झाला नाही. त्याने नोकरी बदलली. २००६ पासून शांघायमध्ये स्टॉपवर थांबून चार्ज होणाऱ्या बसेसमध्ये तो होता. २०१८ च्या सॅमसंग नोट ९ च्या पेनमध्ये होता, ४० सेकंदांत पूर्ण चार्ज होणारा. गाडीच्या काचेला लावलेल्या डॅशकॅममध्येही बऱ्याचदा तोच असतो, कारण उन्हात तापलेल्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवण्यापेक्षा तो बरा. जिथे घाईने घ्यायचं किंवा घाईने द्यायचं असतं, तिथे त्याला बोलावणं येतंच.

फोटोंचा प्रश्न मात्र खरंच सुटलाय का? आमच्या सोसायटीच्या गणपती विसर्जनात भाची लेझीम खेळत होती. भावाचा नवा, महागडा फोन. त्याने नाइट मोडवर फोटो काढला. मागची बिल्डिंग चकाचक, ट्रॉलीवरची रोषणाई चकाचक, आकाशसुद्धा निळंशार. आणि भाचीच्या हाताच्या जागी एक धुरकट पट्टा. लेझीम गायब! मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. भाऊ म्हणाला, "काय झालं गं?" काय सांगणार?

सॉफ्टवेअर उजेड गोळा करू शकतं, पण त्याला वेळ लागतो. इमारतीला घाई नसते, ती थांबते. नाचणारी पोर, लाडू देणारा हात, हार घालताना मान मागे घेणारी नवरी, हे कुणी थांबत नाही. क्षण पकडायचा तर उजेड त्याच क्षणी हवा. मागून जमवलेला चालत नाही. हे गणित २००६ मध्ये होतं तेच आजही आहे.

म्हणून जाता जाता दोन टिप्स, अगदी फुकट. रात्री इमारती, रस्ते, पणत्या किंवा स्वस्थ बसलेली माणसं टिपायची असतील, तर नाइट मोड वापरा, फ्लॅश विसरा. हलती माणसं टिपायची असतील, तर नाइट मोड बंद, फ्लॅश चालू आणि मुख्य म्हणजे जवळ जा. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड पाव होतो. दीड मीटरवर जो चेहरा लख्ख दिसतो, तोच तीन मीटरवर मलूल दिसतो. वानखेडेवर वरच्या स्टँडमधून फ्लॅश मारणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. तो उजेड पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलापलीकडे जात नाही!

त्या रात्री मी भाचीला पुन्हा लेझीम खेळायला लावलं. दीड मीटरवर उभी राहिले, नाइट मोड बंद केला, फ्लॅश मारला. लेझीम आलं, हात आला, बोटंसुद्धा मोजता येत होती. फक्त भाचीचे डोळे मिटलेले होते. त्यावर मात्र आमच्या लॅबमध्ये कुणी सर्किट काढलं नव्हतं.